सातवा फोटो

घरातल्या सगळ्यांचा फोटो काढला त्याच संध्याकाळी बाबा हार्ट अटॅकने गेले. महिन्याभराने धाकटी लेक स्टुडिओत आली. बारा फोटोंपैकी प्रत्येकात कुणाचे डोळे मिटलेले, कुणाचं तोंड वाकडं. म्हणून फोटोग्राफरने ज्याचा जिथे चांगला आलाय तिथला चेहरा उचलून एकच फोटो जुळवला होता.

"आईचे डोळे चक्क उघडे! आणि बाबा बघा, कसे ऐटीत उभे आहेत."

"ते पहिल्या फोटोतले, ताई. पुढे त्यांची नुसती चुळबुळ. एकही धड नाही."

"फोटो म्हटला की त्यांचं हे ठरलेलंच." महिन्यात पहिल्यांदाच ती हसली. "दाखवा ना मला."

तो एकेक फोटो पुढे सरकवत गेला. पाचव्यात बाबांचा हात छातीवर गेला होता. सहाव्यात त्यांनी शर्ट मुठीत घट्ट धरला होता, आणि बाकी सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते. सातव्यात ती त्यांचा तोच हात धरून खाली ओढत होती.

"तुमचा चेहरा यातूनच घेतलाय, ताई," फोटोग्राफर म्हणाला. "यात किती छान हसलायत तुम्ही!"