दिवसाला किती नान

चाळिसावं घर तिचं स्वतःचंच निघालं, तेव्हा सुरय्योला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, कारण तिच्या मागोमाग ओयदिन मावशीही आत शिरल्या.

मावशी शेजारच्या, घर क्रमांक एकशे सत्त्याण्णव. त्या नमुन्यात नव्हत्या, आणि हेच त्यांचं दुखणं होतं. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला संख्याशास्त्र लागलं आणि एर्गाशेव सरांनी प्रत्येकाला आपापल्या मोहल्ल्यात पिटाळलं. दोनशे घरं, त्यातलं दर पाचवं. पहिला आकडा चिठ्ठी टाकून काढायचा. सुरय्योला तीन आला. मग तिसरं घर, आठवं, तेरावं, असं करत एकशे अठ्ठ्याण्णव. प्रश्न एकच: घरात दिवसाला किती नान लागतात? यात कुणाला वाईट वाटण्यासारखं काही नाही, असं सर म्हणाले होते. सर ताश्कंदचे, आणि फ्लॅटमध्ये राहणारे.

एका घरी विचारायचं आणि पुढची चार ओलांडायची, म्हणजे त्या चौघांशी बोलणं तोडायचं, एवढंच मर्गिलानच्या मोहल्ल्याला कळत होतं. ओयदिन मावशींनी तिला एकशे त्र्याण्णवच्या दारातच गाठलं. त्र्याण्णवनंतर चौऱ्याण्णव येतं, तुझ्या सरांना मोजता येत नाही का, असं विचारलं. चिठ्ठीचं तत्त्व शांतपणे ऐकून घेतलं. मग आपल्याकडे नऊ लागतात असं सांगून ते कागदाच्या पाठीमागे लिहायला लावलं, आणि पुढचं घर किती सांगतं ते बघायला बरोबर निघाल्या.

पहिल्या घरानं चार सांगितले होते. नंतर बातमी कुंपणांवरून सुरय्योच्या पुढे पुढे पळायला लागली. नमुन्यातल्या दहाव्या घरी सहा, विसाव्या घरी आठ. एकशे त्र्याण्णवला अकरा, आणि तिथे म्हातारा-म्हातारी दोघंच राहत. पाहुणे फार येतात, म्हातारा म्हणाला होता.

मोहल्ल्यात तंदूर एकच, बोतिर नानवाईचा. त्यानं सकाळीच सांगितलं होतं, आठशेच्या वर नान मी सणालाही लावत नाही. सुरय्योच्या कागदाप्रमाणे मोहल्ला रोज सोळाशे फस्त करत होता. दुपारपासून तिनं तो गुणाकार सात वेळा केला होता, उभ्यानं, चालताना, एकदा तर समोरचा माणूस बोलत असताना. दर वेळी सोळाशेच. कागद उद्या सकाळी नऊला द्यायचा होता, आणि सर तो बोतिरच्या आकड्याशी ताडून बघणार होते. गेल्या वर्षी दोघा विद्यार्थ्यांचा मेळ बसला नाही. दोघांचीही शिष्यवृत्ती गेली आणि वर्ष पुन्हा करावं लागलं.

निदान एक आकडा तरी खरा मिळणार होता. घरात आजी, आई, ती आणि धाकटा भाऊ. नान तीन. रोज सकाळी बोतिरकडून तीच आणायची.

आईनं चांगला रुमाल डोक्याला बांधला होता. जमिनीवर जेवणाचा दस्तरखान पसरून तिन्ही नान मावशींपुढे मांडले, एक मोडून तुकडे केले, हिरवा चहा मानानं अर्धीच वाटी ओतला.

"विचार," ती म्हणाली, परक्याच्या मुलीला म्हणावं तसं.

"दिवसाला किती नान लागतात?"

आईनं ओयदिन मावशींकडे पाहिलं. ओयदिन मावशींनी पेन्सिलीकडे पाहिलं.

"दहा," आई म्हणाली. "कधी कधी अकरा. मुलांना भूक फार."

मुलांपैकी एक समोर पेन्सिल धरून बसली होती.

"आई..."

"लिही की गं. पेन्सिल मोडली का?" मावशींनी विचारलं.

सुरय्योनं दहा लिहिले. मावशी वाकून बघत होत्या. लिहून झाल्यावर त्या म्हणाल्या, गडबडीत आपल्याकडचे नऊ जरा कमीच सांगितले गेले, मागच्या बाजूला साडेदहा कर. सुरय्योनं तेही केलं. आईनं त्यांची वाटी पुन्हा भरली, या वेळी काठोकाठ. मर्गिलानमध्ये एवढी भरलेली वाटी म्हणजे आता उठा. मावशींना ते कळलं. त्यांनी दोन घोट घेतले, जाता जाता नानचे दोन तुकडे तोंडात टाकले आणि गेल्या.

दार लागताच सुरय्योनं खोडरबर काढलं. आता कुणी नाहीये, तीन लिहिते, ती म्हणाली. आई उरलेले तुकडे वेचून फडक्यात ठेवत होती, मोठे एका बाजूला, बारके एका बाजूला. रात्रीचं जेवण व्हायचं होतं.

शून्य खोडून झालं. एक उरला होता.

"सुरय्यो." आईनं मान वर केली नाही. घ्यायचं नसलेल्या रेशमाचा भाव विचारावा, तसा तिचा आवाज होता. "बाकीच्यांकडे खरंच एवढे लागतात का गं?"