आवाजी मतदान

“पुन्हा लावा,” अधिकारी म्हणाला.

ध्वनिमुद्रकाने फीत मागे घेतली आणि पुन्हा सोडली. जुन्या सभागृहातली खरखर, खोकले, बाकांची करकर. मग अध्यक्षांचा कंटाळलेला आवाज. परिस्थिती निवळेपर्यंत निवडणुका स्थगित ठेवण्याचा ठराव. अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावं. सगळं सभागृह एका घशातून ‘होय’ म्हणालं. प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावं. शांतता. कोणीतरी घसा खाकरला. आणि मग एकट्याचा, सर्दीने बसलेला आवाज आला.

“नाही.”

“हा!” अधिकाऱ्याने चुटकी वाजवली. माहिती खात्याचा हा तरुण सकाळपासून रेडिओ केंद्राच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत ठाण मांडून बसला होता. “हा साहेबांचा. उद्या लोकशाही दिनाच्या कार्यक्रमात हाच वाजवायचा.”

साहेब म्हणजे देशाचे सर्वेसर्वा. ही फीत भरली तेव्हा ते त्याच सभागृहात नव्याने निवडून आलेले सभासद होते. गेल्या काही वर्षांत त्यांनी स्वतःही निवडणुका पुढे ढकलल्या होत्या, परिस्थिती निवळेपर्यंत.

“साहेबांचाच कशावरून?” ध्वनिमुद्रकाने विचारलं.

“हजर होते ना त्या दिवशी! आता हजर होते म्हणजे तोंडही सोबत आणलं असणार.” स्वतःच्या विनोदावर अधिकारी मनसोक्त हसला.

ध्वनिमुद्रकाला हसू आलं नाही. तो आवाज कोणाचा, हे त्याला ठाऊक होतं, आणि तरीही तो आज आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होता. त्याचे वडील शाळामास्तर. एका आडबाजूच्या मतदारसंघातून निवडून आले, या ठरावाला एकटेच ‘नाही’ म्हणाले आणि आठवड्याच्या आत त्यांना घरातून उचलून नेलं ते कायमचं. मुलगा तेव्हा रांगत होता. घरात त्यांचा फोटोसुद्धा उरला नव्हता. झडतीच्या धास्तीने आईनेच सगळे जाळून टाकले होते. लहानपणी त्याला झोपवताना ती कानाशी लागून सांगायची, सगळे होय म्हणाले, तुझे बाबा तेवढे नाही म्हणाले. पुढे त्याला सरकारी रेडिओवर नोकरी लागली आणि तिने तो विषय कायमचा टाकला. आपल्या पोटावर पाय येऊ नये म्हणून आई जपते, असं तो धरून चालला होता.

“आणि समजा, दुसऱ्याच कुणाचा निघाला तर?” तो यंत्रावरची नजर न काढता म्हणाला.

“तर दुसऱ्याचा आवाज आपल्याला काय करायचाय? फीत पुसायची, मोकळं व्हायचं.” अधिकाऱ्याने खुर्ची पुढे ओढली. “का हो? शंका आहे काही? देता लिहून?”

“नाही,” ध्वनिमुद्रक म्हणाला.

“मग झालं तर. फक्त जरा भारदस्त करा. पडशाचा रुग्ण बोलतोय असं वाटतं.”

“जाड केला तर बनावट वाटेल. आहे तसा राहू द्या.”

“आणि ते खाकरणं?”

“तेही राहू द्या. त्यानेच खरा वाटतो.”

अधिकाऱ्याला ते पटलं. ध्वनिमुद्रकाच्या पदरात एवढंच पडलं. आवाजाची नक्कल काढून घरी नेणं शक्य नव्हतं. फाटकावर जाता-येता खिसे उलटे करून दाखवावे लागत. नाव साहेबांचं लागणार होतं. लागू दे, तो मनाशी म्हणाला. आईला तरी ऐकू येईल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो वेळेआधीच घरी गेला. आई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. त्याने रेडिओ आणून तिच्यासमोर ठेवला.

“हे काय आज? दिवसभर तिथे ऐकून पोट भरत नाही का तुझं?”

“आज तू ऐक. जरा वेळ बस नुसती.”

“बसलेलीच तर आहे मी. पळतेय कुठे?”

निवेदकाने आवाज चढवत चढवत साहेबांच्या तरुणपणाचं वर्णन केलं. मग खरखर आली, अध्यक्षांचा कंटाळा आला, ‘होय’चा गलका आला. शांतता. कोणीतरी घसा खाकरला. आईचा हात शेंगेवरच थांबला. अजून तो शब्द यायचा होता, पण तिचे डोळे मिटले होते.

“नाही.”

पाठोपाठ टाळ्यांचा कडकडाट झाला. तो ध्वनिमुद्रकानेच वरून जोडला होता, सांगितल्याप्रमाणे. त्याने रेडिओ बंद केला आणि आईच्या अगदी जवळ सरकला.

“आई,” तो हळूच म्हणाला, “ओळखलास?”

तिने डोळे उघडले. ओठ हलले, आणि त्याला वाटलं, आता ही बोलणार, इतक्या वर्षांचं एकदाच बोलणार. तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून फिरली. पदराने तिने डोळे कोरडे केले, ताठ बसली आणि स्पष्ट, मोठ्या आवाजात म्हणाली, “ओळखला की! साहेबांचा. तेव्हापासूनच किती धीट होते ते!”

ध्वनिमुद्रक उठला. त्याने खिडकी लावली, दाराला कडी घातली, बाहेरच्या खोलीत डोकावून आला. पुन्हा तिच्यासमोर बसून त्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले. ते गार पडले होते.

“आता बोल, आई. कोणी ऐकत नाहीये.”

तिने हात सोडवून घेतले आणि पुढची शेंग उचलली.

“तू ऐकतोयस ना,” ती म्हणाली.