बिनबाजाचं लगन

शपथ संपली अन् सगळ्यांचे हात खाली आले. एकवीस मे, नेर नगरपरिषदेचं पटांगण, दरसालची दहशतवादविरोधी शपथ. साहेब घाम पुसत आत पळाले. बाकीचे निंबाच्या सावलीत चहाला थांबले.

"मावशी, शपथ घेतली का नुसते ओठ हलवले?" अक्षय बाबूनं झाडूवाल्या वच्छलाबाईला डिवचलं.

"माहे ओठ तरी हलले. तुह्यं बोटच हलून राह्यलं होतं, मोबाइलवर."

नवी लिपिक निकिता हसली. "मी तर जन्मलेबी नव्हते तवा. मावशी, तुमाले आठवते का, राजीव गांधी गेले तो दिवस?"

"आठवते म्हंजे? रात्री ते गेले अन् दुसऱ्या दिवशी माहं लगन होतं."

"अरेरे!"

"अरेरे कायले? माह्यासारखं लगन या तालुक्यात कोनाचं झालं नाही."

त्या साली धोंड्याचा महिना नुकताच सरला होता, लग्नांची रेटारेटी होती. ढाणकीचं वऱ्हाड रात्रीच ट्रकनं येऊन पडलं होतं. सकाळी रेडिओनं बातमी दिली अन् नेरात एक दुकान उघडलं नाही. नवरदेव मारुतीच्या देवळात जाऊन बसला. तिथून त्याला वाजतगाजत मांडवात आणायची रीत. पण बॅण्डवाल्या अब्दुल गनीनं क्लॅरिनेट काखेत मारली.

"आज नाही वाजणार भाऊ. घरात मयत झाली तर कोनी वाजवते का?"

नवरदेवाचा बाप बापूजी. त्यानं देवळाच्या पायरीवर ठाण मांडलं. "माहा पोरगा बिनबाजाचा हलणार नाही. चोरून लगन करून राह्यलो का आमी? वाजवा, नाही तर ट्रक उभाच हाये."

वच्छलाचा बाप हात जोडून जोडून परत आला. मांडवात बायांनी पदर डोळ्यांना लावले. वऱ्हाड तसंच गेलं तर दारातून परत गेलेली नवरी म्हणून जन्मभर बोट दाखवतील, हे प्रत्येकीला ठाऊक होतं. बोट दाखवणाऱ्या त्याच असणार होत्या.

वच्छला रडली नाही. जिनिंगवर कापसाच्या गाठी ढकलणारी पोर ती. तिनं हार उचलला अन् हळदीच्या अंगानं भर उन्हात निघाली.

"नवरी अशी जाते काय व?" वच्छलाची मावशी मांडवातून ओरडली.

"नवरदेव येत नाही, तर कोनाले तरी जाच लागन ना."

तिच्यामागं बाया निघाल्या. मांडवाबाहेर बसलेल्या अब्दुल गनीनं ते पाहिलं अन् आपल्या माणसांना खूण केली. लाल कोटातले बॅण्डवाले तिच्या पुढं झाले. ढोल गळ्यात, हात खाली. वाजवलं कोणीच नाही. बंद दुकानांच्या ओट्यांवर माणसं उभी राहिली. कोणी टोपी काढली. मग एकेक जण ओट्यावरून उतरला अन् मागं चालायला लागला. सुतकातलं गाव हळदीच्या नवरीमागं चाललं होतं.

बापूजी पायरीवरून उठला. "हे काय व्हय?"

"वरात हाये मामाजी. तुमची निघाली नाही म्हून माही आनली." वच्छलानं पदर खोचला. "देशाच्या घरात मढं पडलं अन् तुमाले बाजा पायजे? पायजे तर बसा इथंच. सुतक फिटलं का वाजन." मग ती नवरदेवाकडं वळली. "तुमी येता का?"

नवरदेव बबनरावानं बापाकडं पाहिलंसुद्धा नाही. बाशिंग सरळ केलं अन् उभा राहिला. गाव वळलं तशी दोघं वळली. बापूजी मागून आला, एक चप्पल सापडली नाही म्हणून एकाच चपलेवर.

"मंग?" निकितानं विचारलं.

"मंग काय, लागलं लगन." वच्छलाबाईनं चहा एका घोटात संपवला. "तू बी लग्नं पाह्यली असतीन, पोरी. मंगलाष्टक सरते अन् ताशा सुटते, कानात दुसरं काही शिरतच नाही. आमच्या मांडवात बाया, मानसं, बॅण्डवाले, सारे दाटले होते. बामनानं 'सावधान' म्हटलं अन् सारे चूप. तेवढ्यात सर्र करून आवाज आला. बाशिंगावर, मांडवाच्या कापडावर, बॅण्डवाल्याइच्या ढोलावर."

ती उठली.

"अक्षता पडतानी आवाज होते, हे नेरले त्या दिवशी समजलं."