उसवलेली छत्री

"उघडा," फौजदार नानासो म्हणाले.

"साहेब, एवढं सोडून काय बी सांगा," हवालदार शमशेर म्हणाला.

पुण्याच्या विमानतळावर झडतीच्या टेबलावर दोन खाकी पिशव्या पडल्या होत्या. एकीत पाठीवर बांधायची हवाई छत्री. दुसरीत पोटावर बांधायची, पहिली दगा देईल तेव्हा जीव वाचवणारी. मागं दिल्लीच्या विमानाची रांग खोळंबली होती.

शमशेर पिंजारी फौजेतला छत्रीवाला. सांगलीच्या मैदानावर गर्दीपुढं आभाळातून उडी मारून दाखवली आणि तिथंच जोडीदारांबरोबर छत्रीची पुन्हा घडी घालून, रजा काढून तो विट्याला आईकडं राहिला होता. उद्या सकाळी दिल्लीत मोठ्या साहेबांपुढं उडी होती. ती साधली तर परदेशी जाणाऱ्या संघात नाव, हुकली तर नाव कट. आणि छत्री एकदा उघडली की पुन्हा घडी घालायला लांबलचक टेबल लागतं, जोडीला जाणता माणूस लागतो. हे सगळं त्यानं परोपरीनं सांगून पाहिलं.

पण नानासो कराडकडचे. त्यांना आपला मुलूख पाठ.

"गाव कुठलं म्हणालासा?"

"विटा."

"मग झालं की."

विट्याची माणसं देशभर सोनं गाळायची दुकानं घालून बसलेली, आणि सोन्याचा कायदा तर भलता कडक. त्यात विमानं पळवायचे प्रकार सुरू झाल्यापासून वरनं हुकूम आला होता, हाताला लागेल ते उघडून बघा. विट्याचा माणूस आणि एवढी गच्च पिशवी. नानासोंच्या मनात खटल्याचा निकालसुद्धा लागला होता.

"आमी सोनं गाळत न्हाई, साहेब. बाप कापूस पिंजायचा, अम्मा गाद्या शिवते."

"मग गादीत काय दडवलंय ते तरी बघू."

शमशेरच्या तोंडाशी शिवी आली, ती त्यानं गिळली. पाठीवरच्या छत्रीचा पट्टा धरला. या पिशवीचे पदर बारीक कच्च्या दोऱ्यानं धरून ठेवलेले असतात. माणसानं विमानातून उडी घेतली की विमानाला अडकवलेला पट्टा ताणतो, दोरा तुटतो, पदर उघडतात आणि छत्री बाहेर येते. दोरा तुटावा म्हणूनच तो कच्चा असतो.

त्यानं पट्ट्याला झटका दिला. काहीच झालं नाही. पाय रोवून पुन्हा दिला. टेबल सरकलं, पिशवी ढिम्म. मग त्यानं पोटावरच्या छत्रीची मूठ ओढली. मूठ तारेसकट हातात आली, पिशवी मिटलेलीच राहिली.

नानासोंनी पदराखाली बोट घातलं. आतल्या अंगानं शिवण लागली. एकसारखी, दुहेरी, मेण लावलेल्या खाकी दोऱ्याची. वरनं बघणाऱ्याला दिसली नसती.

"आता बोला की, हवालदार," ते म्हणाले आणि सुरी मागवली.

टाके कटकट तुटले. पांढरं शुभ्र कापड भसाभस बाहेर आलं, टेबलावरून खाली घरंगळलं, रांगेतल्या लोकांच्या पायांत पसरलं. नानासोंनी घडी न् घडी चाचपली. दुसरी पिशवीही उसवून पाहिली. सोन्याचा कण नव्हता. रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि नानासोंचं तोंड उतरलं.

"शिवलं कुणी हे?"

शमशेर दोऱ्याचा तुकडा बोटांत धरून उभा होता.

"अम्मानं."

काल दिवस मावळायच्या सुमारास जन्नतबी पिशवी चाचपत बसली होती. "एवढुशा दोऱ्यावर माजं लेकरू टांगत्यात व्हय रं?" म्हणाली होती. तो हसला होता आणि दोस्तांना भेटायला बाहेर पडला होता. मागं काय झालं असेल ते आता त्याच्या ध्यानात आलं. जन्नतबीनं उभ्या जन्मात कच्चं काम हातावेगळं केलं नव्हतं.

"माफी करा, हवालदार," नानासो म्हणाले. "माझ्यापायी तुमची उडी गेली."

"साहेब, मी ओढली तवा ती उघडली न्हाई."

"व्हय. म्हणून तर सुरी लागली."

"उद्या वर बी मीच ओढणार हुतो. तितं सुरी घेऊन कोण आलं असतं?"

नानासो मटकन खुर्चीत बसले. शमशेरनं त्यांचे दोन्ही हात धरून डोळ्यांना लावले आणि एवढा गडी सगळ्या रांगेदेखत रडला. विमान गेलं. संघात दुसऱ्याचं नाव लागलं. त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. फौजदाराला मात्र तो प्रत्येक नमाजात दुवा देत राहिला.

ईदला त्यानं नानासोंना आग्रह करून विट्याला आणलं. जन्नतबीनं शिरखुर्म्याची वाटी पुढं ठेवली.

"हे कोण रं?"

"विमानाच्या ठेसनावरलं साहेब, अम्मा. छत्री ह्यांनीच तपासली."

म्हातारीचा चेहरा पालटला. "मग माजी शिवण तुमीच उसवलीसा म्हना की. आवं, डोळं फुटंस्तवर बसून शिवली हुती. पोरगं वरनं निसटू नये म्हून. त्याला काय झालं असतं म्हंजे तुमी भरून देनार हुतासा?"

शमशेरनं नानासोंकडं पाहिलं. त्यानं आईला काही सांगितलं नव्हतं आणि मरेपर्यंत सांगणारही नव्हता. त्याला काय मागायचंय ते नानासोंना कळलं. साऱ्या नोकरीत त्यांनी दुसऱ्यांकडूनच गुन्हे कबूल करून घेतले होते. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि हात जोडले.

"चुकलं माझं, आई."