आलुबुखारांचं पिंप

बिअर बनवणाऱ्यांच्या संघातल्या शहाण्यांनो, हे पाप तुमचं आहे! बिअर आंबट लागली म्हणजे नासली, हा नियम तुम्ही केलात. ज्याची बिअर आंबली, त्याच्या दारावरची पाटी महिनाभर उलटी टांगलीत. जरा चाखून बघावं, एवढी अक्कल तुमच्यातल्या एकालाही सुचली नाही. आणि आता निस्तरतंय कोण? कारखान्याच्या मागच्या खोलीत, पदराशी चाळा करत उभी असलेली ही सून.

तिच्यासमोर जिभल्या उभा होता. त्याचं खरं नाव कुणी विचारत नसे. मोठमोठ्या हॉटेलांत कुठली बिअर जायची, ते त्याची जीभ ठरवायची. तो स्वतःचा काळा पेला घेऊन यायचा आणि पिंपाची तोटीही स्वतःच्याच हातानं फिरवायचा. रंग दिसला की जीभ खोटं बोलायला लागते, असं त्याचं म्हणणं.

सुनेनं या छोट्या लाकडी पिंपात आलुबुखारांवर बिअर मुरवली होती. सालींसकट, बियांसकट, दोन हिवाळे. आंबट, मुद्दाम आंबट. सासऱ्यांच्या साध्या बिअरला आता कुत्रं विचारत नव्हतं. आज जिभल्यानं मान डोलावली तर कारखाना चालणार, नाहीतर दाराला कुलूप.

सासरे मागे, दाराजवळच्या स्टुलावर बसले होते. संघाचे जुनेजाणते सभासद. आंबट वासाच्या नुसत्या शंकेनं त्यांनी जन्मभर पिंपंच्या पिंपं मोरीत रिकामी केली होती. सुनेच्या पिंपाजवळून जाताना श्वास रोखायचे. "सूनबाई, घरात मढं झाकून ठेवल्यासारखं वाटतंय गं," म्हणायचे. आज मात्र न बोलावता येऊन बसले होते. सुनेला त्यांच्याकडे बघायला फुरसत नव्हती. तिचा जीव त्या काळ्या पेल्यात अडकला होता.

जिभल्यानं घोट घेतला. तोंडात घोळवला. गिळला. पुन्हा एक घेतला.

"छान आहे," तो म्हणाला.

सुनेला हुंदकाच यायचा बाकी होता.

"बिनचूक आहे. अशी बिअर मी जन्मभर पीत आलोय. पण बाई, मला तुम्ही आंबट बिअर चाखायला बोलावलंत ना? हिच्यात आलुबुखार कुठंय?"

त्यानं पेला ठेवला आणि पिशवी खांद्याला लावली.

सुनेनं झडप घालून पेला तोंडाला लावला. स्वच्छ. कडवट. मचूळ म्हणावी इतकी निर्दोष. ही चव तिला झोपेतही ओळखता आली असती. ती गर्रकन वळली.

"मामंजी!"

"ओरडू नकोस," सासरे स्टुलावरूनच म्हणाले. "काल तू बाटल्या आणायला गेलीस, तेव्हा मी पिंप उघडून बघितलं. पार आंबली होती गं! एवढ्या मोठ्या माणसासमोर तुझी फजिती झाली असती. म्हणून गुपचूप बदलली. माझी ताजी भरली. तुला लेक मानलंय, एवढं तरी करायला नको?"

ऐकताय ना, शहाण्यांनो? माया करणाऱ्या माणसाच्या हातून तुम्ही हे करून घेतलंत.

"आणि माझी कुठंय?" सुनेचा आवाज चिरकला.

"मोरीत," सासरे छातीठोकपणे म्हणाले. "नासकी बिअर मोरीतच जाते. जन्मभर तेच केलं." आणि हे सांगण्यासाठी ते ताठ उभे राहिले, उजेडात आले.

सुनेनं सकाळपासून पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. पांढऱ्याशुभ्र मिशा टोकापर्यंत लालेलाल झाल्या होत्या. अजून ओल्या होत्या. डाव्या बाजूला आलुबुखाराची साल लोंबत होती.

दारापर्यंत गेलेला जिभल्या थांबला. त्यानं त्या मिशा पाहिल्या, पिशवी खाली ठेवली आणि मागे येऊन काळा पेला पुन्हा हातात घेतला.

सुनेनं एक मोठा श्वास घेतला.

"मामंजी, मी रागावत नाही. फक्त एवढंच सांगा, उरलीय किती?"