दुरुस्तीच्या दुकानाचे मालक

“साहेब, तुम्ही इथे? मालक कुठे आहेत?” कारखान्यात चौबळांच्या हाताखाली असलेले घैसास जुना टेबलफॅन घेऊन दारात उभे होते.

“बाहेर गेलेत. मी नुसता बसलोय,” चौबळ म्हणाले. घरोघरची यंत्रे भंगारात जाऊ नयेत म्हणून निवृत्तीनंतर त्यांनीच आज, दसऱ्याला, हे दुकान थाटले होते.

“मला वाटलं, साहेब आता मिक्सर दुरुस्त करायला लागले!” हसत घैसास पायऱ्या उतरले.

आत पाटावर मांडलेल्या पान्या-पकडींना हळदकुंकू वाहणारा चौबळांच्या पत्नीचा हात थांबला. “अहो, मग ही हत्यारं कुणाची म्हणून पुजू?”

चौबळांना तिच्याकडे पाहवेना. खाली मानेनेच ते रस्त्यावर आले आणि चारचौघांत ओरडले, “घैसास, खोटं बोललो! दुकान माझं आहे. पंखा आणा इकडे.”