शकूआजींच्या ताटातलं

"बाहेरचं काही खाऊ देऊ नका त्याला," असं डॉक्टरांनी आमच्या कुत्र्याला, ढब्बूला, पहिली लस देतानाच बजावलं होतं. पण खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या शकूआजींचं घर कसलं आलंय बाहेरचं, म्हणून दुपारी बाळ झोपलं की मी ढब्बूला खुशाल त्यांच्याकडे सोडायचे.

परवा ढब्बूने घरभर उलट्या केल्या. रांगत्या बाळाला कडेवर घेऊन मी ढब्बूचा दवाखाना गाठला. "खराब झालेलं अन्न पोटात गेलंय," डॉक्टर म्हणाले. सलाईन झाल्यावर त्याला घरी आणलं आणि तणतणत आजींकडे गेले.

"आजी, नासकं घालता का हो त्याला?"

"अगं बया, कुत्र्याचं म्हनून येगळं शिजिवते व्हय मी? माझ्याच ताटातलं देते की. लेक रविवारी आठवड्याचं जेवण भरून जातो, फ्रीज तेवढा बंद पडलाय बघ."

"मग यापुढे काहीच देऊ नका," म्हणून मी वर निघून आले.

आज ढब्बू ठणठणीत आहे. सकाळपासून आजींच्या बंद दाराशी बसून भुंकतोय. मी हाका मारतेय, आतून उत्तर नाही. किल्ली लेकाकडे आहे आणि तो अजून हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये.



एकाच ताटातलं दोघांनी खाल्लं होतं, दवाखान्यात मी फक्त ढब्बूला नेलं. तुमच्या शेजारी कोणी एकटं राहत असेल, तर आत्ता उठा आणि एकदा दार वाजवून या.